‘मॅट्रिक्स’चा तिसरा अंक: काय जमलं, काय निसटलं

तुमचा प्रश्न इतरांसाठी आधी थोडक्यात मांडते. सांगलीतल्या तुम्ही सात-आठ मित्रांनी लागोपाठ तीन रविवार एकत्र बसून १९९९ चा ‘द मॅट्रिक्स’ आणि २००३ मध्ये आलेले त्याचे दोन्ही पुढचे भाग, ‘रीलोडेड’ आणि ‘रेव्होल्यूशन्स’, पाहिले. तिसरा संपल्यावर बहुतेक जण म्हणाले की पहिल्याचं पार वाटोळं केलं. तुम्हाला मात्र तो आवडला होता, पण का आवडला ते त्यांना पटवून देता आलं नाही. त्यात तुम्ही स्वतः तीन भागांची एक मराठी श्राव्यमालिका लिहिताय: कृष्णाकाठचं एक गाव, पाण्याच्या पाळ्या ठरवणारं यंत्र, आणि त्या यंत्राचं खोटं पकडणारी एका पाटकऱ्याची मुलगी. दोन भाग लिहून झालेत, तिसऱ्यावर गाडी अडली आहे. म्हणून या शेवटच्या सिनेमाची बलस्थानं कुठली आणि तो कुठे लंगडा पडतो, ते तुम्हाला नीट समजून घ्यायचंय.

तुमचं आवडणं चूक नव्हतं. तुमच्या मित्रांचा वैतागही खरा आहे. या सिनेमाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि त्यामागे एकच कारण आहे, असं मला वाटतं. तिथपर्यंत जरा सावकाश जाऊ.

मी २२ वर्षं संकलन करतेय. सुरुवात सांगलीतच झाली, हौशी नाटकाच्या विंगेत, ध्वनी आणि प्रकाशाच्या क्यू सांभाळत. मग पुण्या-मुंबईत मालिका आणि सिनेमे केले, आणि आता गेली काही वर्षं पुन्हा सांगलीत घरूनच काम करते. माझं बोलणं समीक्षकाचं नाही. एडिटला बसून प्रसंग लागतो की पडतो हे पाहणाऱ्या बाईचं आहे. तेव्हा ते त्याच मापाने घ्या.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधीच सांगते. पहिला भाग ज्यांनी १९९९ मध्ये पाहिला त्यांनी पुढच्याची चार वर्षं वाट पाहिली, आणि त्या चार वर्षांत प्रत्येकाने मनातल्या मनात आपापला शेवट रचला. मग मे २००३ मध्ये ‘रीलोडेड’ आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘रेव्होल्यूशन्स’, असे दोन्ही भाग सहा महिन्यांच्या आत येऊन गेले. तुम्ही तिन्ही पंधरा दिवसांत संपवले. तुमच्यापैकी कुणी हिंदी डबिंगमध्ये पाहिला असेल, कुणी लॅपटॉपवर हेडफोन लावून. लॅपटॉपवर झायनची, म्हणजे जमिनीखाली लपलेल्या माणसांच्या शहराची, लढाई नुसता गोंगाट वाटते. मोठ्या पडद्यावर त्याच लढाईत अंगावर काटा येतो. त्यामुळे ‘कंटाळा आला’ या तक्रारीचा काही भाग पडद्याच्या आकाराकडे जातो. पण सगळा नाही. मी तो नोव्हेंबर २००३ मध्ये पुण्यात मोठ्या पडद्यावर पाहिला, सांगलीहून रात्रीच्या एसटीने जाऊन, आणि मध्ये एक मोठा पट्टा असा आला की शेजारचे लोक आपसात बोलायला लागले. लोक आपसात बोलायला लागले की संकलकाला कळतं, इथे धागा सुटला.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तीन भागांच्या गोष्टीत पहिले दोन भाग प्रेक्षकाकडून उधार घेतात. उधार घेतात म्हणजे त्याच्या मनात प्रश्न पेरतात आणि ‘उत्तर पुढे देऊ’ असं सांगतात. तिसरा भाग ही उधारी फेडायला येतो. या सिनेमावर तीन प्रश्नांची उधारी होती. पहिला प्रश्न सगळ्यांना आठवतो: खरं काय आणि भास काय? ‘रीलोडेड’च्या शेवटी नायक निओ खऱ्या जगात, म्हणजे यंत्रांनी माणसांना झोपवून दाखवलेल्या ‘मॅट्रिक्स’ या भासाच्या बाहेर, नुसता हात पुढे करून सेंटिनेल, म्हणजे यंत्रांचे मारेकरी, पाडतो, आणि हा प्रश्न आणखी धारदार होतो. सगळ्या जगाला वाटलं, म्हणजे झायनसुद्धा आणखी एक मॅट्रिक्सच आहे की काय! दुसरा प्रश्न आर्किटेक्टने, म्हणजे मॅट्रिक्स रचणाऱ्या प्रोग्रॅमने, टाकलेला. झायन आधी पाच वेळा उभं राहून पाच वेळा नष्ट झालंय, निओ हा सहावा, म्हणजे बंडसुद्धा यंत्राच्याच हिशेबात धरलेलं आहे. मग हे चक्र मोडायचं कसं? तिसरा प्रश्न कुणी फारसा बोलून दाखवत नाही, पण तोच सगळ्यात जुना आहे. पहिल्या सिनेमाच्या शेवटी निओ फोनवरून यंत्रांना बजावतो की मी या माणसांना सगळं दाखवणार आहे. मग तो बूथमधून बाहेर येतो, आजूबाजूला रस्त्यावरून चाललेली साधी माणसं पाहतो आणि वर झेप घेतो. त्या झोपलेल्या माणसांचं पुढे काय?

‘रेव्होल्यूशन्स’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार सुंदर देतो. पहिल्याचं एका वाक्यात उरकतो. तिसरा विसरतो. तुम्हाला जे आवडलं ते दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे, आणि तुमच्या मित्रांना जे खुपलं ते उरलेल्या दोघांत.

जमलेल्या गोष्टींपासून सुरुवात करते, कारण त्यांच्याबद्दल कुणी पुरेसं बोलत नाही.

माझ्या मते अख्ख्या सिनेमातला सर्वांत चांगला प्रसंग सुरुवातीलाच आहे. निओ बेशुद्ध आहे आणि एका पांढऱ्याफटक, रिकाम्या रेल्वे स्टेशनात अडकलाय. तिथे एक भारतीय कुटुंब गाडीची वाट पाहत बसलंय: रामा-कांद्रा, कमला आणि त्यांची छोटी मुलगी सती. ही माणसं नाहीत, प्रोग्रॅम आहेत. सतीला यंत्रांच्या जगात काही काम नेमून दिलेलं नाही, म्हणून तिथे ती पुसून टाकली जाणार. तिला वाचवायला आईबाप तिला चोरवाटेने मॅट्रिक्समध्ये पाठवताहेत, स्वतः मात्र परत जाणार आहेत. मुलीवर आपलं प्रेम आहे असं तो बाप म्हणतो तेव्हा निओ चकित होतो. प्रेम ही माणसांची भावना ना? त्यावर रामा-कांद्राच्या म्हणण्याचा आशय असा, की प्रेम हा शब्द आहे, आणि तो शब्द ज्या नात्याकडे बोट दाखवतो ते नातं महत्त्वाचं.

या प्रसंगात ना मारामारी आहे, ना कॅमेऱ्याची करामत. तीन माणसं बाकावर बसून बोलतात. पण दोन सिनेमे आपण यंत्र म्हणजे शत्रू असं धरून चाललो होतो, ती पाचर इथे निघते. शेवटी माणसं आणि यंत्रं यांच्यात तह होतो, तो या बाकावर आधीच झालेला असतो. आपण एका यंत्राला बाप म्हणून पाहिलंय, म्हणून शेवटचा तह आपल्याला पटतो. संकलनाच्या भाषेत सांगायचं तर शेवटच्या शॉटचा अर्धा अर्थ पहिल्या रीळात ठेवलाय. २०२१ मध्ये चौथा सिनेमा आला तेव्हाही जुन्या तिसऱ्या भागातून सतीलाच मोठी करून परत आणलं गेलं, प्रियांका चोप्राने ती भूमिका केली. त्या लहान मुलीत किती जीव होता ते यावरून कळतं.

दुसरं बलस्थान म्हणजे शेवटाची जात. निओ जिंकत नाही. तो यंत्रांच्या शहरात जातो आणि सौदा करतो: स्मिथ, म्हणजे स्वतःच्याच प्रती काढत सुटलेला तुमचा प्रोग्रॅम, आता तुमच्याही हाताबाहेर गेलाय, त्याला मी थांबवतो, बदल्यात शांतता द्या. मग पावसात ती अजस्र मारामारी होते. निओ पुन्हा पुन्हा उठतो, आणि शेवटी उठायचंच थांबवतो. स्मिथला म्हणतो, तुझंच खरं होतं, हे अटळ होतं. स्मिथ त्याला आपल्यासारखा करून घेतो, आणि यंत्रांना निओच्या शरीरातून स्मिथपर्यंत पोचायची वाट मिळते. आधी ओरॅकलने, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या प्रोग्रॅमने, त्याला सांगितलेलं असतं की स्मिथ म्हणजे तूच आहेस, उलटा झालेला, समीकरण स्वतःला जुळवून घेतंय. समीकरणाच्या दोन बाजू एकमेकींना मारून संपत नाहीत, त्या एकमेकींत मिसळल्या की शून्य होतात. पाच वेळा फिरलेलं चक्र सहाव्या वेळी मोडतं ते याने. नायक आणखी ताकदवान झाला म्हणून ते मोडलेलं नाही. पाच वेळा जे कुणी केलं नव्हतं ते त्याने केलं, म्हणजे शत्रूशी बोलणं. विज्ञानकथेच्या इतक्या मोठ्या, इतक्या महागड्या मालिकेचा शेवट तहावर करायला धाडस लागतं, आणि दिग्दर्शक वाचोस्की भावंडांनी ते केलं याचा मला आजही आदर वाटतो.

तिसरं म्हणजे एक शॉट. निओची प्रेयसी ट्रिनिटी आणि आंधळा झालेला निओ छोट्या उडत्या जहाजातून ढगांच्या वर जातात. माणसांनीच काळं करून ठेवलेलं ते आकाश क्षणभर मागे पडतं, वर सूर्य असतो. ट्रिनिटी तो पाहते. निओ पाहू शकत नाही. मग जहाज पुन्हा अंधारात कोसळतं. तिन्ही सिनेमांत खऱ्या जगातला हा एकच स्वच्छ उजेड आहे. पहिल्या भागापासून खरं जग निळं-करडं आणि मॅट्रिक्स हिरवट, हा रंगांचा करार त्यांनी पाळला होता. म्हणून ते काही सेकंद इतके लागतात. आणि शेवटच्या प्रसंगात, जेव्हा ओरॅकल बागेत बाकावर बसलेली असते आणि सती निओसाठी सूर्योदय करते, तेव्हा मॅट्रिक्समधला तो हिरवट रंग निघून गेलेला असतो. कुणी बोलून दाखवत नाही, नुसता रंग बदलतो. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा तिथे लक्ष ठेवा.

आता संगीत. यावर थोडी रेंगाळते, कारण आपल्याकडच्या माणसालासुद्धा हे सहसा सांगावं लागतं. त्या शेवटच्या मारामारीत मागे जो प्रचंड समूहस्वर आहे, तो संस्कृतात गातोय. शब्द बृहदारण्यक उपनिषदातले आहेत: असतो मा सद्गमय, तमसो मा ज्योतिर्गमय, मृत्योर्मा अमृतं गमय. शाळेच्या प्रार्थनेत हात जोडून म्हटलेले. पाश्चात्त्य गायकवृंदाच्या उच्चारात आणि वाद्यांच्या कल्लोळात ते आपल्याला ओळखू येत नाहीत. श्रेयनामावलीवर हाच मंत्र पुन्हा येतो, त्या तुकड्याचं नावच ‘नवरस’ आहे. संगीतकार डॉन डेव्हिसने हे काम ज्युनो रिॲक्टर या संगीतसमूहाबरोबर केलं. आता मंत्राचा क्रम पाहा. असत्याकडून सत्याकडे हा पहिला सिनेमा. अंधारातून उजेडाकडे म्हणजे ट्रिनिटीचं आकाश आणि आंधळ्या निओला दिसणारा तो सोनेरी प्रकाश. मृत्यूकडून अमृताकडे हा शेवट. लढाईच्या मध्यावर, गाण्याच्या आडून, अख्ख्या गोष्टीचा सांगाडा मांडून ठेवलाय.

आपल्या संगीत नाटकात संस्कृत नाटकाच्या वळणाने शेवटी भरतवाक्य असायचं. गोष्ट संपायची, पात्रं प्रेक्षकांकडे वळायची आणि सगळ्यांच्या भल्याची प्रार्थना व्हायची. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं, आणि ज्याच्या शेजारच्या हरिपूरचे देवल ‘शारदा’ लिहून गेले, त्या गावातल्या माणसाला ‘नवरस’ ऐकून भरतवाक्य आठवायलाच हवं. मला ते पुण्याच्या त्या थिएटरात आठवलं होतं. पण तोवर अर्धं थिएटर उठून गेलं होतं.

ते का उठलं, याच्याकडे आता वळते.

सगळ्यात मोठी तक्रार झायनच्या लढाईबद्दल असते, आणि ती रास्त आहे. पण ‘लढाई फार लांब’ हे निदान मला पटत नाही. कारागिरी म्हणून ती लढाई अव्वल आहे. झायनमधल्या प्रत्येक माणसामागे एक या हिशेबाने अडीच लाख सेंटिनेल खाली उतरतात. छत फोडून ते थव्यासारखे वळतात, चालत्या यंत्रांत बसलेली माणसं वर गोळ्या झाडतात, आणि कोण कुठे आहे याचा गोंधळ कधी होत नाही. संकलक झॅक स्टेनबर्गला पहिल्या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं होतं, तो हात इथेही दिसतो. अडचण वेगळीच आहे. ज्यांच्यासाठी आपण दोन सिनेमे बसलो, ते निओ आणि ट्रिनिटी या मोठ्या सलग तुकड्यात जवळजवळ नाहीत. निओला जागं करणारा त्याचा गुरू मॉर्फियस आहे, पण तो जहाजाची कॅप्टन नायोबी हिच्या शेजारी बसून तिची जहाज हाकण्याची कमाल पाहतो. पहिल्या सिनेमात ज्याच्या आवाजाने आपण सशाच्या बिळात उतरलो, त्याच्या वाट्याला या भागात करण्यासारखं काहीच ठेवलेलं नाही. मला सगळ्यात जास्त हळहळ याची वाटते.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आम्ही चार दिवस नातेवाइकांकडे वरच्या मजल्यावर होतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोका पातळी, आणि पाणी ५७ फुटांच्या पलीकडे गेलेलं. दर तासाला कुणीतरी विचारायचं, ‘आता किती फूट?’ त्या आकड्यात एवढी धडधड कशाने होती? कारण प्रत्येक फुटाला आपल्याला माहीत असलेलं एक घर होतं. आता अमक्या आत्याच्या पायरीला लागलं असेल, आता तमक्यांच्या दुकानात शिरलं असेल. झायनच्या लढाईत सेंटिनेलांचा आकडा आहे, पण घरं ओळखीची नाहीत. कॅप्टन मिफुने धीराने लढून मरतो. मरताना तो त्या ‘किड’ नावाच्या पोराला दार उघडायला सांगतो. पोरगा म्हणतो, माझं प्रशिक्षण पूर्ण झालेलं नाही. मिफुने म्हणतो, माझंही झालं नव्हतं. फार चांगला क्षण आहे हा. पण मिफुनेचं घर कुठलं, त्याला कोण आहे, काही माहीत नाही, म्हणून तो डोळ्यांपर्यंत येतो आणि थांबतो.

आणि त्या पोराचं काय? तो निओच्या मागे-मागे का असतो, निओवर त्याची एवढी श्रद्धा का, याची गोष्ट ‘द ॲनिमॅट्रिक्स’ या वेगळ्या ॲनिमेशन संग्रहात आहे. नायोबी ज्यात मुख्य पात्र आहे तो ‘एंटर द मॅट्रिक्स’ हा व्हिडिओ गेम. ओरॅकलचा चेहरा बदलण्यामागची गोष्टही तिथेच सापडते. ओरॅकलबद्दल मला कुणाला दोष द्यायचा नाही. ग्लोरिया फॉस्टर यांचं २००१ मध्ये निधन झालं आणि मेरी ॲलिस यांनी ती भूमिका पुढे नेली, मनापासून नेली. पण लढाईचे तीन खांब, म्हणजे किड, नायोबी आणि मिफुने, यांतल्या दोघांची मुळं सिनेमाच्या बाहेर पुरलेली आहेत आणि तिसऱ्याला मूळच नाही. सांगलीतल्या थिएटरात तिकीट काढून बसलेल्या माणसाने गेम खेळलेला असेल, असं कसं धरायचं? जे सिनेमात नाही ते प्रेक्षकाच्या मनात नाही, या बाबतीत मी फार कडक आहे.

माझ्या कामातला एक दाखला देते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मराठी सिनेमाचा उत्तरार्ध कापत होते. दुष्काळी गावात टँकरवरून दंगा होतो, असा मोठा प्रसंग. पाच-सहा दिवस उन्हात चित्रित केलेला, शेकडो गावकरी, एकेक चेहरा बघत राहावा असा. त्या मेहनतीकडे बघून मी तो जवळपास पूर्ण ठेवला. पहिल्या चाचणी खेळाला तिथेच लोकांनी मोबाईल बाहेर काढले. दिग्दर्शक म्हणाले, लांबी कमी करा. मी दोन मिनिटं कापली, तरी तेच. मग रात्री पुन्हा पाहताना लक्षात आलं की नायिका अकरा मिनिटं पडद्यावर नाही. तिचे तीन छोटे शॉट होते, दुसऱ्याच प्रसंगातून उरलेले: दाराशी उभी आहे, आवाज ऐकते आहे, घागर खाली ठेवते आहे. ते मी दंग्यात ठिकठिकाणी पेरले आणि कापलेली दोन मिनिटंही परत घातली. पुढच्या खेळाला कुणी हललं नाही. लांबी वाढली होती, तरीही. तेव्हापासून कुठलाही प्रसंग ‘लांब’ वाटला की मी आधी घड्याळ बघत नाही, ओळखीचा चेहरा शेवटचा कधी दिसला ते बघते.

‘रेव्होल्यूशन्स’मध्ये ते शक्य होतं का? निओ-ट्रिनिटीचा प्रवास आणि झायनची लढाई एकाच वेळी चालू आहेत. ढगांवरचा तो सूर्य लढाईच्या ऐन मध्यात आला असता तर? खाली माणसं अंधारात मरताहेत आणि वर एकटीला आकाश दिसतंय, असं काही. मी हे खात्रीने सांगू शकत नाही, कारण त्यांच्या टेबलावर काय होतं ते त्यांनाच ठाऊक. पण मी तो प्रयत्न नक्की करून पाहिला असता.

ट्रिनिटीच्या मृत्यूबद्दल दोन शब्द. जहाज कोसळल्यावर ती बराच वेळ बोलते. निरोप लांबतो. मला वाटतं, तिने आकाश पाहिलं तिथेच तिचा निरोप झाला होता. चित्राने जे सांगितलं ते नंतर संवादाने पुन्हा सांगितलं की चित्राचं वजन उतरतं. श्राव्यमालिका लिहिणाऱ्यांनी हे उलटं करून वाचावं: तुमच्याकडे चित्र नाही, तेव्हा जे आवाजाने सांगून झालंय, समजा पाटाचं दार उचलल्याचा कर्रकर्र आवाज, ते मग कुणाच्या तोंडी घालू नका.

पहिल्या प्रश्नाची फेड हा दुसरा कच्चा दुवा. निओने खऱ्या जगात सेंटिनेल कसे पाडले? ओरॅकल सांगते की त्याची शक्ती मूळ स्रोतापर्यंत पोचते. बस. सहा महिने जगभर लोक ज्यावर वाद घालत होते त्याला स्वयंपाकघरात बोलता बोलता एक वाक्य. उत्तर चूक नाही, आंधळ्या निओला यंत्रांचं जग उजेडासारखं दिसतं तेव्हा ते खरंही वाटायला लागतं. पण ते घडवून दाखवण्याऐवजी सांगितलं गेलं, आणि प्रेक्षकाला सांगितलेलं उत्तर कधी आपलं वाटत नाही. दुसऱ्या भागाने जगभरात सुमारे ७४ कोटी डॉलर मिळवले आणि तिसऱ्याने ४२ कोटींच्या आसपास. एवढी घसरण एका कारणाने होत नसते. तरी ज्यांनी पहिल्याच दिवशी पाहिला आणि मित्रांना ‘नको जाऊस’ म्हणून सांगितलं, त्यांच्यातल्या पुष्कळांचं दुखणं हेच असणार असं मला वाटतं.

आणि आता ती तिसरी, विसरलेली उधारी. माझ्या लेखी खरी उणीव ही आहे. बाकीच्या सगळ्या दुरुस्त करता आल्या असत्या.

पहिला सिनेमा सुरू होतो तेव्हा निओ निओ नसतो, थॉमस अँडरसन असतो. खुराड्यासारख्या ऑफिसात बसणारा, उशिरा आला म्हणून साहेबाचं ऐकून घेणारा. आपण त्याच्यात स्वतःला पाहिलं, म्हणून तो सिनेमा आपला झाला. मॅट्रिक्समध्ये झोपलेले लोक म्हणजे आपण, थिएटरात बसलेले. मॉर्फियस गिळायच्या दोन गोळ्या, एक सत्याची आणि एक झोपेची, पुढे करतो तेव्हा त्या आपल्याही पुढे धरलेल्या असतात. ‘रेव्होल्यूशन्स’मध्ये मॅट्रिक्सच्या आत एकही साधा माणूस नाही. क्लबमधली गर्दी आहे, प्रोग्रॅम आहेत, आणि मग सगळेच स्मिथ. अख्खं शहर स्मिथ होतं, म्हणजे कोट्यवधी माणसं गिळली जातात, पण त्यांतल्या एकाचीही आपल्याला ओळख नाही. म्हणून शेवटच्या मारामारीत मारामाऱ्या बसवणाऱ्या युएन वू-पिंगच्या पठडीतली एवढी मेहनत असूनही वजन कमी पडतं. पहिल्या भागात भुयारी स्टेशनातली मारामारी छोटी होती, पण माणूस तुटू शकत होता आणि मॅट्रिक्समधून बाहेर पडायची वाट असलेला फोन कधीही निसटू शकत होता. इथे दोघं इमारती फोडतात आणि कुणाला खरचटतंय असं वाटत नाही.

शेवटी आर्किटेक्ट कबूल करतो की ज्यांना बाहेर पडायचंय त्यांना सोडलं जाईल. केवढी मोठी गोष्ट! पहिल्या सिनेमातलं वचन पूर्ण झालं! पण आपण एकही माणूस सुटताना पाहत नाही. एक ऑफिस, एक टेबल, मान वर करून खिडकीबाहेर पाहणारा एक अनोळखी कारकून, एवढंच पुरलं असतं. सूर्योदय सतीने निओसाठी केला, ओरॅकलने पाहिला. ज्यांच्यासाठी निओ मेला त्यांच्यातल्या कुणीच तो पाहिला नाही. भरतवाक्य झालं, पण पात्रं प्रेक्षकांकडे वळलीच नाहीत. तुमचे मित्र ‘वाटोळं केलं’ म्हणाले तेव्हा त्यांना हेच बोचलं असावं: आपल्याला हाक मारून उठवलं, आणि मग आपल्याशिवायच गोष्ट संपवली.

आता तुमच्या मालिकेकडे येते. तुम्ही लिहिलंय की पहिल्या भागाच्या सुरुवातीला एक म्हातारा शेतकरी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन पाटावर येतो. त्याची पाळी असते, पण यंत्राने ती परस्पर पुढे ढकललेली असते. तो पाटकऱ्याच्या दारात येऊन बसतो, आणि त्याच्यामुळेच मुलगी पहिल्यांदा यंत्राच्या नोंदी तपासायला लागते. दुसऱ्या भागात यंत्र कुणी आणि का बनवलं ते उलगडतं. तिसऱ्यात तुम्हाला धरणावर मोठा संघर्ष हवाय, आणि तिथे तुम्ही अडलात.

मला वाटतं, अडलात ते संघर्षाच्या आकारामुळे. धरण, पोलीस, गावोगावचा जमाव, यंत्राचा मुख्य कक्ष, हे सगळं लिहायला घेतलं की मुलगी एका बाजूला आणि जमाव दुसऱ्या बाजूला होतो. संघर्ष ठेवा, मोठाही ठेवा. पण प्रत्येक तुकड्यात मुलीचा आवाज कुठे आहे ते आधी कागदावर लिहून घ्या. सलग तीन-चार मिनिटं तो येत नसेल तर तिथे काहीतरी हलवा. यंत्राची बाजू मांडणारं एखादं पात्र असेल तर त्याला धरणावर आणू नका, सुरुवातीलाच शांतपणे भेटवा, त्या स्टेशनातल्या बापासारखं. दुसऱ्या भागात जे कोडं घातलंत त्याचं उत्तर कुणी बोलून सांगणार असेल, तर ते खोडून तेवढाच प्रसंग घडताना लिहा. आणि समाजमाध्यमांवर वेगळे छोटे भाग टाकायचा विचार आहे म्हणता, तर जरूर टाका, पण मुख्य गोष्टीतलं कुठलंही पात्र त्यांच्या आधाराने उभं राहणार नाही एवढं बघा.

शेवट तहावर करायचा की विजयावर, हे मी सांगणार नाही. ते तुमच्या यंत्राच्या स्वभावावर आहे, आणि तो तुम्हालाच माहीत. मात्र धरणावरचा प्रसंग लिहायच्या आधी त्या म्हाताऱ्याचा शेवटचा प्रसंग लिहून काढा. तोच पाट, तीच रात्र दोनची वेळ, हातात तीच बॅटरी. त्याच्या वावरात पाणी येतं का, येत असेल तर दार कोण उचलतं, आणि नसेल तर त्याच्या शेजारी कोण बसतं. हा दीड-दोन मिनिटांचा प्रसंग हातात आला की मग मागे जाऊन धरण लिहा. जमलं तर तो मसुदा इथेच टाका, मी वाचेन.